ओझ्याची वाट, हौसेची वाट: सह्याद्रीतल्या घाटवाटांचा इतिहास

आजचा विषय तसा आपल्या सगळ्यांच्या सुट्टीचा विषय आहे. पावसाळा सुरू झाला की घरोघरी एकच बेत शिजतो, की रविवारी कुठे जायचं? कुणी मित्रांबरोबर गडावर जातं, कुणी मुलाबाळांना घेऊन धबधब्याखाली, कुणी तंबू घेऊन पठारावर मुक्कामाला. आपण या सगळ्याला आता सरसकट 'ट्रेक' म्हणतो. आज आपण या हौसेचा इतिहास बघणार आहोत. पण हौसेपासून सुरुवात करून चालणार नाही. डोंगरात मजेखातर चालणं ही आपल्याकडे अगदी अलीकडची गोष्ट आहे. ज्या वाटांवरून आपण मजेत चालतो, त्या वाटा मात्र दोन हजार वर्षं कामासाठी चालल्या गेल्या आहेत.

आधी शब्दच बघूया. 'ट्रेक' हा शब्द इंग्रजीत आला तो दक्षिण आफ्रिकेतून, तिथल्या डच वसाहतवाल्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून. त्याचा मूळ अर्थ ओढणं, आणि त्यावरून बैलगाड्यांचा लांबचा, खडतर प्रवास. घरदार गाडीत घालून, बैल जुंपून नवा मुलूख शोधत निघणं म्हणजे ट्रेक. आता गंमत बघा. आपल्या सह्याद्रीतल्या घाटवाटा ज्यांनी रुळवल्या तेही बैलच. फरक एवढाच की इथल्या चढावर गाडी चालत नव्हती. इथे बैलाच्या पाठीवर गोण असायची. लमाणांचे तांडे, व्यापाऱ्यांचे बैल, घोडी आणि डोक्यावर ओझं घेतलेली माणसं. तेव्हा शब्द परका असला तरी त्यातला घाम आपल्या ओळखीचा आहे.

सह्याद्रीची रचना आपल्याला माहीत आहे. पश्चिमेला कोकणची पट्टी, मध्ये एकदम उभा कडा, वर देश. खाली बंदरं: सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ. वर बाजारपेठा: जुन्नर, पैठण, कऱ्हाड, कोल्हापूर. बंदरातला माल वर चढवायचा आणि वरचा माल खाली उतरवायचा, तर हा कडा ओलांडायलाच हवा. जिथे कडा जरा तुटलेला, ओढ्यानं घळ पाडलेली, तिथून माणूस वर गेला. ती झाली घाटवाट.

यातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे नाणेघाट. कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड तालुक्यात वैशाखरे गाव आहे. त्याच्या जवळून वाट चढते आणि जुन्नरच्या बाजूला पठारावर निघते. वरच्या टोकाशी डोंगर फोडून नळीसारखा रस्ता केलेला आहे, आणि तिथेच सातवाहनांची गुहा आहे. त्या गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. राणी नागनिकेचा हा लेख. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावं आहेत आणि त्या निमित्तानं दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत: इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण. भारतीय अंकचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना हा लेख फार मोलाचा वाटतो तो या आकड्यांमुळे.

आता विचार करा, राणीनं हा लेख राजधानीत न कोरता घाटाच्या तोंडाशी का कोरला? कारण येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी इथून जाणार होता. आज आपण हमरस्त्यावर फलक लावतो ना, तसंच. तिथे दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं परंपरा सांगते. घाटाच्या रक्षणासाठी जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे चार किल्ले भोवती उभे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेवर बाजार होता, धर्म होता, राजसत्ता होती. मजा मात्र बहुधा नव्हती. भर उन्हात गोणी लादलेला बैल घेऊन वर येणाऱ्या माणसाला समोरच्या दरीचा देखावा किती भावला असेल, हे आपणच ओळखावं.

घाटवाटांची नावं हा एक वेगळाच ग्रंथ आहे. बोराट्याची नाळ, निसणीची वाट, सवाष्णीचा घाट, वाघजाईचा घाट, मढे घाट, कावळ्या घाट. 'नाळ' म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद उतरती घळ. 'निसणी' म्हणजे शिडी; जिथे पायानं चढता येत नाही तिथे लाकडाची शिडी लावलेली असायची. 'पदर' म्हणजे कड्याच्या मध्यावरचा सपाट टप्पा, लुगड्याच्या पदरासारखा पसरलेला. 'मेट' म्हणजे गडाखालची चौकी. वाघजाई ही वाटेवर राखण करणारी देवी. मढे घाटाचं नाव सांगताना स्थानिक लोक सिंहगडच्या लढाईची आठवण सांगतात: १६७० साली तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह या वाटेनं खाली उमरठ्याला नेला, अशी ती कथा. यातलं एकही नाव दरबारात बसून ठेवलेलं नाही. ओझं घेऊन चालताना पायाला जे जाणवलं, मनाला ज्याची भीती वाटली, तेच नाव झालं. सवाष्णीच्या घाटावर कोण सवाष्ण चालली, तिचं काय झालं, याच्या कथा गावागणिक बदलतात. पण या वाटांवरून बायाही चालत होत्या, एवढं ते नाव आपल्याला नक्की सांगतं.

या वाटा माहीत असणं म्हणजे सत्ता. याचं उत्तम उदाहरण १६६१ सालचं उंबरखिंडीचं. शायिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. लोणावळ्याजवळून तो मोठी फौज घेऊन खाली उतरला आणि दाट रानातल्या चिंचोळ्या खिंडीत अडकला. पुढून-मागून वाटा रोखलेल्या, वर झाडीत मावळे. पाणी नाही, वळायला जागा नाही. अखेर खंडणी देऊन, सामान टाकून त्याला निघावं लागलं. आपण ही शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्या नीतीचा पाया काय होता? कुठली वाट कुठे निघते, कुठे पाणी आहे, कुठल्या धारेवरून खालचं सगळं दिसतं, हे ज्यांना अंगवळणी होतं अशी माणसं: कोळी, धनगर, रामोशी, कुणबी. त्यांनी हे ज्ञान कागदावर लिहिलं नव्हतं. ते पायांत होतं.

म्हणूनच १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी पहिला हात घातला तो वाटांना. अनेक गडांचे दरवाजे, तट, पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कुणी बंडखोर वर जाऊन बसू नये. आज अलंग-मदन-कुलंगला जाणारी मंडळी दोर आणि कॅरॅबिनर घेऊन जातात, आणि 'काय थरारक चढाई आहे!' म्हणून परत येतात. त्या थराराचं एक कारण निसर्ग आहे, आणि दुसरं कारण दोनशे वर्षांपूर्वीची सुरुंगाची दारू. जिथे आपण दोराला लटकतो, तिथे एके काळी पायऱ्या होत्या.

गडांवरची शिबंदी बरखास्त झाली. घाटांची आणि डोंगरी चौक्यांची राखण करणाऱ्या महादेव कोळी नाईकांची, रामोश्यांची नेमणूक आणि हक्क आटले. याचा परिणाम लगेच दिसला. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी झाली, राघोजी भांगऱ्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात. अकोल्याच्या डोंगरात आपण काजवे बघायला जातो, कळसूबाईवर जातो. तो सगळा मुलूख राघोजींचा. तिथे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा, अजून कथा निघतात.

दुसरा मोठा बदल रस्त्यांनी आणि रेल्वेनं केला. १८३० मध्ये बोर घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली. १८६३ मध्ये बोर घाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे देशावर चढली. बोर घाटाचं काम भयंकर होतं. हजारो मजूर डोंगरात राबत होते, पटकीसारख्या साथींनी पटापट मरत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, ते कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात राहिलं, चांगलीच गोष्ट आहे. मजुरांची नावं मात्र राहिली नाहीत.

आणखी एक नाव राहिलं, पण ते वेगळ्या तऱ्हेनं. खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. आजही ट्रकचालक तिथे नाणं टाकून पुढे जातात. लोककथा अशी, की इंग्रजांना घाटातून रस्ता काढायला वाट सापडत नव्हती. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली, आणि काम झाल्यावर इंग्रजांनी त्यालाच मारलं. या कथेला कागदाचा पुरावा मागितला तर तो देता येणार नाही. पण लोकांनी ही कथा का जपली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. वाट ज्याला माहीत होती त्याच्या हाती काय आलं, याचं लोकांनी मांडलेलं हे गणित आहे. ते आपण पुढे पुन्हा लावून बघणार आहोत.

रेल्वे आल्यावर व्यापार तिकडे वळला. बैलांचे तांडे थांबले. नाणेघाटासारख्या राजमार्गावर आता उरले फक्त आसपासच्या गावांचे लोक: आठवड्याच्या बाजाराला जाणारे, सोयरीक असलेले, गुरं खाली-वर नेणारे. आणि नेमक्या याच काळात, डोंगर कामाचा उरला नाही तेव्हा, तो हौसेचा व्हायला लागला.

ही हौस प्रथम इंग्रजांची. मुंबई-पुण्याचा उन्हाळा सोसवेना म्हणून थंड हवेच्या जागा शोधल्या गेल्या. १८२० च्या दशकात महाबळेश्वर उभं राहिलं, गव्हर्नर माल्कम याच्या नावानं तिथे माल्कम पेठ वसली. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला असताना वरच्या डोंगरावर चढून गेला, आणि 'माथेरानचा शोध लागला' असं आपण शाळेत शिकलो. आता हा शोध म्हणजे काय, ते तपासूया. वर धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते. डोंगराला नाव होतं: माथ्यावरचं रान, माथेरान. शोध लागला तो इतकाच, की इथे बंगले बांधता येतील. मग लुइझा पॉइंटसारखी नावं पडली. साहेब-मडमा डोलीत बसून वर जात, आणि डोली वाहणारे खालच्या गावातले असत. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं नेरळ-माथेरान रेल्वे सुरू केली आणि मुंबईची मध्यमवर्गीय कुटुंबंही हवा खायला वर जाऊ लागली. सहकुटुंब सहलीची आपली सवय इथून पसरली, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी धारा वेगळी आहे. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानं रायगडावरच्या महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं. १८९५ मध्ये टिळकांनी हा प्रश्न हाती घेतला, निधी जमवला, आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. गडावर जाणं हे आता देशकार्य झालं. शाळा-कॉलेजातली मुलं गडावर जाऊ लागली. हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. युरोपात माणूस डोंगरावर गेला तो बऱ्याच अंशी शिखरासाठी, विज्ञानासाठी, एकांतासाठी. मराठी माणूस गेला तो इतिहासासाठी. म्हणून आजही वर पोचल्यावर आपण आधी देखावा बघत नाही, आधी घोषणा देतो. रायगडावरच्या त्या पहिल्या उत्सवानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, तिथे रोप-वे सुरू झाला, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत ते आजी-आजोबाही वर जाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर या दोन धारा एकत्र आल्या. गो. नी. दांडेकरांनी एक सबंध पिढी डोंगरात नेली. लहान वयात घर सोडलेला, नर्मदा परिक्रमा केलेला हा माणूस. तळेगावला राहून ते गड फिरत राहिले, लोकांना बरोबर नेत राहिले आणि लिहीत राहिले. 'दुर्गभ्रमणगाथा' त्यातूनच आली. त्यांच्या लेखनाचा विशेष असा, की गडाबरोबर गडाखालची माणसं येतात. त्यांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीत ठाकर आहेत आणि लिंगोबाचा डोंगर आहे. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी त्यावर चित्रपट केला. हरीश कापडियांनी इंग्रजीत सह्याद्रीची वाटाडी पुस्तकं लिहिली. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' तर अनेकांच्या पिशवीत पानं सुटेपर्यंत वापरलं गेलं. त्यात घाटवाटांची शिस्तीत नोंद झाली.

पण या सगळ्याला हातभार लावणारी आणखी एक संस्था आहे, जिचं श्रेय आपण विसरतो. ती म्हणजे आपली एसटी. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचली. संध्याकाळी गावात येऊन सकाळी परत निघणारी मुक्कामी गाडी! शनिवारी अर्धा दिवस काम करायचं, कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, पुढे एसटी, रात्री गावच्या देवळात पथारी, सकाळी वर. कॉलेजची पोरं, गिरणीतले-बँकेतले नोकरदार, सगळे असेच फिरले. स्वतःची गाडी नव्हती, म्हणून गावात थांबावं लागायचं. थांबावं लागायचं म्हणून ओळखी व्हायच्या. कुणाच्या तरी चुलीवर पिठलं-भाकरी व्हायची आणि त्या घरातला एखादा पोरगा किंवा म्हातारा दुसऱ्या दिवशी वाट दाखवायला पुढे निघायचा. पुस्तकांत ज्या वाटा आल्या, त्या अशाच माणसांच्या मागून चालून आल्या.

आता आपल्या काळाकडे येऊ, आणि शिंग्रोबाचं गणित पुन्हा लावून बघू.

आज काय झालंय? पायथ्याच्या गावांपर्यंत डांबरी रस्ता आला, जीप आली, मोटारसायकल आली. हे चांगलंच झालं. घाटाखालच्या बाळंतिणीला झोळीत घालून वर आणावं लागू नये, असंच आपल्याला वाटायला हवं. पण त्यामुळे गावकरी घाटवाटेनं चालेनासे झाले. आणि वाटेचा एक नियम आहे: पाय पडले तर वाट राहते. दोन-तीन पावसाळे कुणी गेलं नाही की कारवी माजते, दरड कोसळते, निसणी कुजते, वाट मोडते. आज कितीतरी घाटवाटा जिवंत आहेत त्या फक्त ट्रेकवाल्यांच्या पायांमुळे. सातवाहनांनी बांधली, बैलांनी रुळवली, रेल्वेनं ओस पाडली, आणि आपल्या रविवारच्या हौसेनं ती तगवून धरली. एवढं श्रेय आपण जरूर घ्यावं.

मात्र दुसरी बाजूही बघावी. वाट दाखवणारा माणूस हळूहळू गळतोय. आता मोबाइलमध्ये वाटेची रेघ येते. ती रेघ कुणीतरी कधीतरी एखाद्या धनगराच्या, ठाकराच्या मागे चालून टिपलेली असते. रेघ टिपणाऱ्याचं नाव खाली लागतं, वाट दाखवणाऱ्याचं लागत नाही. शिवाय रेघेला हे कळत नाही की परवाच्या पावसात ओढ्याचं पाणी वाढलंय, किंवा या झऱ्याला मार्चनंतर पाणी नसतं. ते गावातल्या माणसाला कळतं. आणि कुणी वाट चुकलं, पाय घसरला, की रात्री दोर-बॅटरी घेऊन पहिल्यांदा धावतात तीही गावातलीच माणसं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक पोचेपर्यंत धीर देणारे तेच असतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आपल्या सगळ्यांना आनंद झाला. आता गर्दी वाढणार, पैसा येणार. प्रश्न असा आहे की त्यात मेटावरच्या, वाडीतल्या माणसाचा वाटा किती असेल? त्याच्या अंगणात आपली गाडी लागेल आणि जेवण मात्र आपण शहरातून डब्यात नेऊ, असं झालं तर गणित तेच राहिलं. नाणेघाटाच्या रांजणात जकात पडत होती की नाही यावर अभ्यासक वाद घालतील. पण वाट वापरली तर वाटेच्या राखणदाराला काहीतरी द्यायचं असतं, हा विचार दोन हजार वर्षं जुना आहे एवढं तर ती परंपरा सांगतेच.

तेव्हा आमचं मागणं साधं आहे. पुढच्या वेळी मित्रांना, घरच्यांना घेऊन निघाल तेव्हा पायथ्याच्या गावात तासभर आधी पोचा. जेवण गावात सांगा. वाट येत असली तरी गावातला एक माणूस बरोबर घ्या आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. मुलांना त्याच्याबरोबर पुढे चालू द्या. त्याला विचारा: या नाळेला काय म्हणतात? हे नाव का पडलं? तुमच्या आजोबांच्या वेळी इथून काय माल जायचा? आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवा. घरी आल्यावर छायाचित्रं टाकाल तेव्हा खाली शिखराची उंची लिहाच, पण वाट कुणी दाखवली तेही लिहा. सह्याद्रीच्या इतिहासात दोन हजार वर्षं ही जागा कोरी राहिलेली आहे. ती भरायला फार मोठा अभ्यासक लागत नाही.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.